तीस खड्ड्यांची सोडत

इमारतीच्या सभेत नकाशेवाल्यांनी आयुष्यात एकदाच तोंड उघडलं, आणि तेही सेक्रेटरी चुकीचं सांगत होते म्हणून. चुकीचं काही कानावर पडलं की त्यांना चैन पडत नसे. पालिकेच्या पाणी खात्यात वीस वर्षं नकाशांवर मान मोडून त्यांचा स्वभावच तसा झाला होता. रस्ता जागेवर दोन बोटं डावीकडे असेल, तर कागदावरही तो दोन बोटं डावीकडेच हवा. घरात या गुणाचा कोणाला फारसा उपयोग नव्हता.

सेक्रेटरी सांगत होते, की जुने पाइप तपासायला पाणी खातं शहरात तीस खड्डे खणणार आहे, खड्डा जिथे पडेल तिथला पाइप आधी बदलणार आहे, आणि खड्डे कुठे पाडायचे ते वरच्या लोकांनी केव्हाच आपसात वाटून घेतलंय. त्यावर मागच्या रांगेतून नकाशेवाले म्हणाले की कोणीही काहीही वाटून घेतलेलं नाही, सोडत आहे, आणि ती ते स्वतः काढणार आहेत. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. इतकी वर्षं ज्या माणसाला लोक फक्त 'जिन्यातला दिवा गेलाय' एवढंच सांगत आले होते, तो माणूस अचानक कामाचा निघाला होता.

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि दुर्दैवाने फार चांगलं समजावलं. शहराच्या नकाशावर कॉम्प्युटर चौकटी आखतो, गणिताच्या वहीत असतात तशा. एकेक चौकट वीस पावलं लांब, वीस पावलं रुंद. त्यातल्या तपासायच्या पाच-सहाशे चौकटींना एकेक आकडा दिलेला असतो, त्याला वजन म्हणायचं. चौकटीखालचा पाइप जितका जुना, तितका तो आकडा मोठा, दर दहा वर्षांमागे एक. शिवाय तिथून आलेल्या प्रत्येक तक्रारीमागे एक. मग कॉम्प्युटर डोळे मिटून तीस चौकटी उचलतो. पण वजन एक असेल, तर त्या चौकटीच्या नावाची डब्यात एकच चिठ्ठी, आणि वजन वीस असेल तर वीस चिठ्ठ्या. म्हणजे नशीबच, पण गरजवंताकडे जरा झुकलेलं. हे शेवटचं वाक्य त्यांचं त्यांनाच इतकं आवडलं की ते त्यांनी दोनदा म्हटलं.

सेक्रेटरींनी एवढंच विचारलं, की म्हणजे तक्रारी वाढल्या की चिठ्ठ्या वाढतात का. ते खरं होतं, म्हणून नकाशेवाले हो म्हणाले.

पुढच्या आठ दिवसांत त्या एका इमारतीतून पाण्याच्या दाबाबद्दल दोनशे चौदा तक्रारी आल्या. इमारतीत बिऱ्हाडं वीस. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी एकट्याने एकोणीस लिहिल्या, प्रत्येक निराळ्या हस्ताक्षरात, आणि दोन तर मुद्दाम चुका करून, खऱ्या वाटाव्यात म्हणून. एका तक्रारीत सहाव्या मजल्यावर थेंबभरही पाणी चढत नाही असं कळकळीने लिहिलं होतं. इमारतीला मजले पाचच होते.

येणाऱ्या कागदांवर शिक्का मारणाऱ्या बाईंना कचेरीत सगळे आवकबाई म्हणत. त्यांनी दोनशे चौदा वेळा शिक्का मारला, मग मनगटाला पट्टी बांधली आणि तो सगळा गठ्ठा नकाशेवाल्यांच्या टेबलावर आणून आदळला. वर म्हणाल्या, की तुमच्या शेजाऱ्यांना लिहिण्याची फार हौस दिसते. नकाशेवाल्यांनी मान खाली घालून एकेक तक्रार नकाशावर चढवली. नियमच होता, तक्रार खरी की खोटी ते बघणं त्यांच्या खात्याचं काम नव्हतं.

इथे ताईंबद्दल सांगायला हवं. ताई म्हणजे नकाशेवाल्यांच्या पत्नी. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या लहान मुलांचे वर्ग घेत आणि मुलं ताई म्हणत, म्हणून सगळी इमारत ताई म्हणे. वर्गाला रीतसर परवानगी मिळावी म्हणून त्या तीन वर्षं अर्ज करत होत्या. पहिल्या वर्षी खिडक्यांना जाळी नाही म्हणून अर्ज परत आला. दुसऱ्या वर्षी जाळी आहे पण दार आत उघडतं म्हणून. या वर्षी दार बाहेर उघडत होतं, जाळी होती, आणि समोर मुलांना खेळायला इमारतीचं अंगण होतं, ज्याचा झाडून पुसून, खडे वेचून त्यांनी नुसता आरसा केला होता. येत्या गुरुवारी अकरा वाजता तपासनीस बाई येणार होत्या. या वेळी नाही मिळाली तर वर्ग बंद करावा लागेल असं मागच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. ते पत्र ताईंनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलं होतं. त्यामुळे नकाशेवाले रोज सदरा काढताना ते वाचत.

पहिली सोडत आदल्या आठवड्यात निघाली, आणि तिच्याबद्दल जितकं कमी बोलावं तितकं बरं. पण कचेरीत कोणीच कमी बोललं नाही. झालं असं, की जिथली काही माहितीच नाही अशा चौकटीत नकाशेवाल्यांनी खूण म्हणून नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव हा आकडा घालून ठेवला होता. ही नुसती खूण आहे, वजन नव्हे, हे कॉम्प्युटरला सांगायचं असतं. ते सांगायचं राहिलं. आणि शहरात जिथली काही माहिती नव्हती अशी जागा एकच होती, मधलं तळं. यादीत नुसते ओळीचे आणि रकान्याचे आकडे होते, त्यामुळे वाचून कोणाला काही कळणं शक्य नव्हतं. साहेबांनी सही केली, जावक क्रमांक पडला, आणि मुकादम माणसं, पहारी, फावडी घेऊन ठरल्या दिवशी काठावर जाऊन उभा राहिला. संध्याकाळी त्याचं पत्र आलं: 'दिलेल्या तीसही ठिकाणी पाणी असल्याने खोदकाम करता आले नाही. तरी होडी मिळावी.'

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी ते पत्र नकाशेवाल्यांना मोठ्याने वाचायला लावलं, आणि मग पुन्हा एकदा, बाहेर ऐकू जाईल असं. पुढची यादी मंगळवारी संध्याकाळी पाचच्या आत, बुधवारी सकाळी खोदकाम सुरू, आणि यात पुन्हा काही झालं तर नकाशांचं टेबल खिडकीजवळून उचलून जिन्याखाली जाईल, एवढंच ते म्हणाले. इमारतीत सेक्रेटरींनी विचारलं, की तळ्यातल्या माशांनी आपल्यापेक्षा जास्त तक्रारी केल्या होत्या का. नकाशेवाले दोन दिवस मागच्या जिन्याने ये-जा करत राहिले.

मंगळवारी सकाळी दहाला ते कॉम्प्युटरसमोर बसले. खूण काढली, तळं पुसलं, सगळं तीनदा तपासलं, आणि या वेळी यादीत आकड्यांपुढे पत्ताही छापून येईल अशी सोय केली. या कॉम्प्युटरला सोडतीआधी सुरुवातीचा एक आकडा द्यावा लागतो. तोच आकडा पुन्हा दिला की तीच सोडत पुन्हा निघते, म्हणजे उद्या कोणी शंका घेतली तर दाखवता येतं. तो आकडा आधी सोडतीच्या वहीत शाईने लिहायचा आणि मगच बटण दाबायचं, असा नियम होता. तो नियम नकाशेवाल्यांनीच केला होता. त्यांनी मनात आला तो आकडा लिहिला, चार हजार एकशे त्र्याहत्तर, आणि बटण दाबलं.

या वेळी ठिपके छान शहरभर पडले. पहिला बाजारात, दुसरा कारखान्याच्या मागे, तिसरा दवाखान्याच्या रस्त्यावर. नकाशेवाल्यांच्या जिवात जीव आला. मग ते एकेक ठिपका मोठा करून बघत गेले आणि सतराव्यावर त्यांचा हात माउसवरच राहिला. सतरावा ठिपका त्यांच्या इमारतीच्या अंगणात होता. इमारतीजवळ नाही, इमारतीमागे नाही. ताईंच्या वर्गाच्या दारापासून सात पावलांवर, अंगणाच्या बरोबर मध्यावर.

कारण शोधायला त्यांना वेळ लागला नाही, कारण ते कारण त्यांनी स्वतःच घातलेलं होतं. तक्रार नकाशावर पत्त्याच्या ठिपक्यावर चढते. त्यांच्या इमारतीच्या पत्त्याचा ठिपका नऊ वर्षांपूर्वी त्यांनीच अंगणात ठेवला होता, इमारतीची रेघ झाकली जाऊ नये म्हणून, नीट दिसावं म्हणून. पाच मजल्यांच्या दोनशे चौदा तक्रारी एकाच चौकटीत येऊन पडल्या होत्या. डब्यात शहरातल्या इतर एकेका चौकटीच्या पाच-सहा चिठ्ठ्या, आणि या एका चौकटीच्या दोनशेच्या वर. खड्डा चौकटीच्या मध्यावरच घ्यायचा, इंचभर हलवायचा नाही, हाही नियम होता. तो कोणी केला ते सांगायला नको.

सहा फूट लांब, चार फूट रुंद, पाच फूट खोल. गुरुवारी अकरा वाजता.

नकाशेवाल्यांनी उठून दार लोटलं. मग नुसतं बघायला म्हणून दुसरा एक आकडा दिला, आपल्या टेलिफोनचा. अंगण आलं, बाविसावं. घराचा नंबर दिला, अंगण आलं. नोकरीला लागल्याची तारीख दिली, अंगण. ताईंचा जन्मदिवस दिला, त्यात तर अंगण पहिल्या क्रमांकावर आलं. पहिली धरून अकरा वेळा सोडत काढली, त्यात नऊ वेळा अंगण आलं, आणि ज्या दोन वेळा आलं नाही त्या दोन्ही वेळा एक खड्डा थेट साहेबांच्या फाटकात होता. आता त्यांच्याजवळचे आकडे संपले. त्यांनी वर बघितलं. पंख्यावर पांढऱ्या रंगात कचेरीच्या सामानाचा नंबर घातला होता. बाराव्या खेपेला त्यांनी तो दिला.

बाराव्या यादीत अंगण नव्हतं, आणि साहेबांचं फाटकही नव्हतं. त्याऐवजी कुठल्याशा गल्लीत, कुठल्याशा दारासमोर एक ठिपका होता. नकाशेवाल्यांनी गल्लीचं नाव आणि दाराचा नंबर वाचला आणि घाईने नकाशा लहान केला, जणू आतून कोणी त्यांच्याकडे बघत होतं.

जेवायला घरी गेले तेव्हा ताई अंगणात चुन्याच्या रेघा आखत होत्या. इथे मुलं रांगेत उभी राहतील, इथे गोलात बसतील, इथे तपासनीस बाईंची खुर्ची. त्यांनी विचारलं की खुर्ची अशी ठेवली तर तोंडावर ऊन येईल का. नकाशेवाल्यांनी सूर्याची दिशा बघून हो म्हटलं. ताईंनी खुर्चीची रेघ पुसून पाच पावलं अलीकडे घेतली, बरोबर मधोमध, आणि नकाशेवाले घाईने जिन्याकडे वळले.

जिन्यात सेक्रेटरींनी गाठलंच. नकाशेवाले एक शब्द बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा पहिल्यापासून काही लपवण्याच्या कामाचा नव्हता. सेक्रेटरींनी दोन मिनिटांत ओळखलं, तीन मिनिटं आनंद केला, आणि चौथ्या मिनिटाला त्यांच्या लक्षात आलं की अंगणात खड्डा म्हणजे आपली गाडी कुठे लावायची हा प्रश्न. मग त्यांनी फार समजूतदारपणे सुचवलं, की पाइप आपलाच बदलावा पण खड्डा जरा शेजारच्या इमारतीच्या बाजूला सरकवावा. त्यांच्या मागून आलेल्या आजोबांचं म्हणणं पडलं, की खड्डा रस्त्यात घ्या, रस्ता कोणाचाच नसतो. खाली तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, की तक्रारी मागे घेता येतात का. नकाशेवाले न जेवताच पुन्हा कचेरीत गेले. कोणी आपल्याशी एवढं बोलावं असं त्यांना कित्येक वर्षं वाटत आलं होतं.

साडेतीन वाजता त्यांनी आवकबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, की सोडतीच्या वहीत एखादा आकडा चुकून पडला तर काय करतात. आवकबाईंनी पट्टी बांधलेला हात कपाळाला लावला. खाली रेघ मारायची, 'वरील नोंद नजरचुकीने' असं लिहायचं, नवा आकडा घालायचा आणि सही करायची, असं त्या म्हणाल्या. नजरचूक हा शब्द या कचेरीत त्यांच्याही आधीपासून नोकरीला होता.

चार वाजून वीस मिनिटांनी नकाशेवाले सकाळची पहिली यादी, वही आणि दोनशे चौदा तक्रारींचा गठ्ठा घेऊन साहेबांच्या खोलीत गेले आणि त्यांनी सगळं सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं. सभेत आपण काय बोललो, मग तक्रारी कशा आल्या, ठिपका कुठे होता, अंगणाचं वजन कसं फुगलं. बारा वेळा बटण दाबल्याचं तेवढं राहिलं.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुम्ही सभेत खोटं सांगितलंत?"

"नाही. खरं सांगितलं."

"मग तुमचा गुन्हा काय?"

नकाशेवाल्यांनी तक्रारींचा गठ्ठा पुढे सरकवला. साहेब म्हणाले, की तक्रारी खोट्या आहेत असं लेखी देत असाल तर द्या, पण मग वीस बिऱ्हाडांना एकेक करून चौकशीला बोलवावं लागेल, चौकशी संपेपर्यंत खोदकाम बंद, आणि शहरात जिथे खरोखर नळ कोरडे आहेत त्या लोकांना तुम्हीच जाऊन सांगायचं की का बंद. त्यांच्या टेबलावर मुकादमाचं होडीचं पत्र अजून होतं, काचेखाली ठेवलेलं. त्यांनी यादीवरचा सतरावा पत्ता वाचला. मग नकाशेवाल्यांकडे बघितलं, मग घड्याळाकडे.

"मी खाली चहा घेऊन येतो," साहेब म्हणाले. "वही इथेच आहे. माणसाची नजरचूक होते. मला तळं पुन्हा दिसलं नाही म्हणजे झालं." आणि ते दार ओढून घेऊन गेले.

पाचला पंचवीस मिनिटं कमी होती. नकाशेवाल्यांनी पेनचं टोपण काढलं. पंख्याचा नंबर त्यांना पाठ होता. तीन शब्द, एक आकडा, एक सही. ताईंच्या तीन वर्षांपुढे ही एवढीशी शाई काय होती? त्यांनी वहीवर हात टेकला आणि रेघ मारायची जागा बोटाने मोजली.

वीस वर्षं त्यांच्या टेबलासमोर माणसं येऊन उभी राहिली होती. कोणाला पाइपाची रेघ आपल्या प्लॉटवरून पलीकडे हवी होती, कोणाला अलीकडे. कोणी रडलं, कोणी दम दिला, कोणी डबा उघडून समोर ठेवला. प्रत्येकाला नकाशेवाल्यांनी एकच सांगितलं होतं, ते माझ्या हातात नाही. त्यांना मागून हसत असत लोक, त्यांनाही ते ठाऊक होतं. पण ते वाक्य खरं होतं आणि त्याच्या आधारावर ते रोज रात्री शांत झोपत. आज पहिल्यांदाच ते त्यांच्या हातात होतं. आणि त्यांच्या लक्षात आलं, की आज रेघ मारली तर उद्यापासून ते वाक्य आपल्याला कोणाला म्हणता यायचं नाही, कोणी ऐकणारं नसलं तरी. त्यांना ताईंची भीती वाटत होती, साहेबांची वाटत होती, जिन्याखालच्या टेबलाची वाटत होती. या सगळ्यांहून मोठी भीती ही निघाली, आणि ती इतकी लहानशी आणि इतकी हटवादी होती, की ती घरी जाऊन बायकोला कशी सांगायची ते त्यांना कळेना.

जिन्यात साहेबांची पावलं वाजली. नकाशेवाल्यांनी टोपण लावलं.

साहेबांनी वही उघडून आकडा बघितला, चार हजार एकशे त्र्याहत्तर, खाली काही नाही. सही करताना त्यांनी विचारलं, की घरी बोललात का. नाही म्हटल्यावर म्हणाले, की मग आज जरा लवकर जा.

ताईंना त्यांनी खड्ड्याचं सांगितलं, सोडतीचं सांगितलं, तक्रारींचं सांगितलं. ताई खाली बसल्या. मग म्हणाल्या, "किती लांब, किती रुंद?" त्यांनी सांगितलं. मग त्या उठल्या, चुन्याचा डबा घेतला आणि सगळ्या रेघा पुसून अंगणाच्या कडेकडेने पुन्हा आखायला लागल्या. बाराव्या यादीबद्दल नकाशेवाले बोलले नाहीत. उद्या सांगू असं त्यांनी ठरवलं.

बुधवारी सकाळी ते मुकादमाकडे गेले आणि निदान पहिल्या क्रमांकापासून सुरुवात करा म्हणून विनवलं. पण तळ्याच्या प्रकारानंतर मुकादमाचा क्रमांकांवर विश्वास राहिला नव्हता. जी जागा कोरडी आहे असं त्याला स्वतःला पक्कं ठाऊक होतं तिथूनच तो सुरुवात करणार होता, आणि अंगण त्याच्या घरापासून सगळ्यात जवळ होतं. दुपारपर्यंत खड्डा झाला. इमारतीतली सगळी माणसं काठावर उभी राहून सल्ले देत होती. मातीचा ढीग कुठे टाकावा यावर दोन मतं पडली, म्हणून तो दोन्हीकडे टाकला. पाच फुटांवर पाइप लागला. पाइप ठणठणीत होता. आता खड्डा बुजवायला 'पाहणी पूर्ण' असा दाखला लागत होता, आणि तो देणारे अभियंता सोमवारपर्यंत रजेवर होते.

गुरुवारी बरोबर अकराला तपासनीस बाई आल्या. ताईंनी खड्ड्याभोवती बाकं उभी केली होती, दोरी बांधली होती, आणि मुलं पलीकडच्या भिंतीला टेकून, एरवी कधी बसत नाहीत इतकी शहाण्यासारखी बसली होती. खिडक्या झाल्या, दार झालं, पाण्याचा माठ झाला, सगळ्यावर बाईंनी खुणा केल्या. मग त्या दोरीपाशी आल्या आणि खाली वाकून बघितलं. खड्डा कोणी खणला, त्यांनी विचारलं. पालिकेने, ताई म्हणाल्या. मघाशी सगळे त्यांच्या नवऱ्याला नकाशेवाले म्हणताना बाईंनी ऐकलं होतं; त्यांनी विचारलं, की तुमचे यजमान पालिकेतच आहेत ना, आणि नकाशांचंच काम बघतात ना. मग आज, नेमका इथेच? त्या विचारण्यात संशय होता, आणि तो नकाशेवाल्यांना सहन झाला नाही.

ते पुढे आले आणि त्यांनी चौकटींपासून सुरुवात केली. वजन सांगितलं, चिठ्ठ्या सांगितल्या, पत्त्याचा ठिपका सांगितला. सेक्रेटरी मागून खाणाखुणा करत होते, पण एकदा हिशेब मांडायला घेतला की त्यातली कुठली पायरी गाळणं नकाशेवाल्यांना येतच नसे. अकरापैकी नऊ वेळा अंगणच आलं, ते म्हणाले, म्हणजे यात कोणाचा हात असण्याचा प्रश्न येत नाही. दोन वेळा साहेबांचं फाटक आलं, आणि बाराव्या वेळी ना अंगण, ना फाटक.

बाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला हलवता येत होता."

"हो," नकाशेवाले म्हणाले. मग त्यांना कळलं की आपण हे कोणासमोर म्हणालो.

ताई त्यांच्याकडे बघत होत्या. मुलांपैकी एक जण खोकला. तपासनीस बाईंनी पेन बंद केलं आणि पुन्हा उघडलं. वर्गाच्या दारापासून दहा पावलांत उघडा खड्डा असेल तर परवानगी देता येत नाही, त्या म्हणाल्या, ते माझ्या हातात नाही. त्यांनी कागदावर लिहिलं. वर्ग आजपासून बंद. सहा महिन्यांनी नवा अर्ज करता येईल, त्यावर नव्याने तपासणी होईल.

मुलं घरी गेली. आया मुलांचे डबे आणि पाट्या घेऊन गेल्या, प्रत्येकीने ताईंच्या खांद्याला हात लावला आणि नकाशेवाल्यांकडे कोणी बघितलं नाही. शेवटी काठावर दोघंच राहिली.

"मला का नाही विचारलंत?" ताई म्हणाल्या.

"तू हलवा म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते. आणि तुम्ही हलवला असतात?"

"हो. म्हणून नाही विचारलं."

ताईंनी दोरीची सैल झालेली गाठ पुन्हा बांधली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि आवाज मात्र अगदी कोरडा होता. "आठ दिवस माझ्याशी बोलू नका," त्या म्हणाल्या.

नकाशेवाले बोलले नाहीत. आठ म्हणजे आठ; ते दिवस मोजत होते. ताट समोर येत होतं, सदऱ्याला इस्त्री होत होती, पण घर गप्प होतं आणि वर्गाच्या दोन खोल्यांत सतरंज्या गुंडाळून ठेवल्या होत्या. पाचव्या दिवशी संध्याकाळी ताईंनीच अचानक विचारलं, की ती बारावी यादी घेतली असती तर खड्डा कुठे गेला असता. नकाशेवाल्यांनी एका कागदावर गल्लीचं नाव आणि दाराचा नंबर लिहून दिला, कारण बोलायची अजून बंदी होती. ते स्वतः तिथे कधी गेले नव्हते. जायचं धाडस झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताई जाऊन आल्या. चपला काढून बसल्या.

"शिवणकाम करते ती बाई," त्या म्हणाल्या. "मशीन दारातच, अर्धं उंबऱ्याबाहेर. आतली खोली एवढीशी, भर दिवसा दिवा लावावा लागतो. दारासमोर खड्डा पडला असता तर मशीन कुठे ठेवलं असतं, देव जाणे."

"तू तिला सांगितलंस?" नकाशेवाल्यांच्या तोंडून गेलंच.

"काय सांगायचं? माझ्या नवऱ्याने तुमच्या दारात खड्डा पाडला नाही, म्हणून?" ताईंनी हात पुढे करून बाही दाखवली. "बटण लावून घेतलं."

मग त्यांनी नव्या अर्जाचा कोरा फॉर्म काढला, जो सहा महिन्यांनी द्यायचा होता, आणि आजच भरायला घेतला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. 'पतीचा व्यवसाय' या रकान्यात तीन वर्षं त्या नुसतं 'नोकरी' असं लिहीत आल्या होत्या. तिथे त्यांचं पेन जरा थांबलं, आणि मग त्यांनी नीट, सुटं सुटं लिहिलं: 'शहराचे नकाशे काढतात.'